जुनी मोटारसायकल घेताय? चावीआधी कागद

कर्वेनगरमधल्या एका सोसायटीचं पार्किंग, संध्याकाळचे सात, २०१७ सालची दीडशे सीसीची गाडी, पुण्याचं पासिंग, मालक एकच. एक चक्कर मारली, सायलेन्सरवर हात फिरवला (त्यातून काय कळतं देव जाणे), विकणारा मुलगा पन्नास म्हणत होता, अठ्ठेचाळीस हजारावर जमलं. वीस मिनिटांत चावी माझ्या हातात. ती गाडी कागदोपत्री माझी व्हायला मात्र चार महिने लागले आणि त्यातले अडीच महिने एका मोबाइल नंबरपायी गेले.

नवी गाडी घेताना शोरूमवाले टॅक्स भरतात, पासिंग करतात, विमा उतरवतात, नंबरप्लेट बसवून देतात. आपण सांगतील तिथे सह्या करतो आणि पेढे वाटतो. जुन्या गाडीत हे सगळं आपल्यालाच करावं लागतं, आणि कुठल्या क्रमाने करायचं ते कोणी सांगत नाही. मी पुण्यात ज्या क्रमाने ठेचा खाल्ल्या, तो उलटा करून खाली दिलाय. शुल्काचे आकडे कायद्यातले आहेत. त्यावर टपालखर्च वगैरे लागतो, म्हणून शेवटी पोर्टल जी रक्कम दाखवेल ती धरा.

१. आधी स्वतःचं लायसन उघडून वाचा

माझा रूममेट तीन वर्षं बाइक चालवत होता. लायसन खिशात, म्हणून निर्धास्त. एका नाकाबंदीत हवालदारांनी कार्ड उलटसुलट केलं आणि म्हणाले, "बाळा, हे बिनगिअरचं आहे." अठराव्या वर्षी बहिणीच्या स्कूटरवर टेस्ट दिली होती, ते हा विसरून गेला होता. कार्डावर "एमसीडब्ल्यूजी" असेल तर गिअरची मोटारसायकल चालते, "एमसीडब्ल्यूओजी" असेल तर फक्त बिनगिअरची. नुसतं कारचं लायसन असेल तर दोन्ही चालत नाहीत. चुकीच्या प्रकारचं लायसन हा अपघातानंतर विमा कंपनीच्या हातात आयता सापडणारा मुद्दा आहे.

लायसन नसेलच, तर सरकारच्या सारथी पोर्टलवर आधी शिकाऊ लायसन काढा. आधार जोडून परीक्षा घरबसल्या देता येते. शुल्क १५० रुपये आणि परीक्षेचे ५०. शिकाऊ लायसन सहा महिने चालतं. पक्क्या लायसनची टेस्ट ३० दिवसांनंतर आणि ते सहा महिने संपायच्या आत द्यायची. तिचे ३०० आणि लायसनचे २०० रुपये. वय चाळीसच्या पुढे असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र, म्हणजे नमुना १-अ, लागतं. शिकाऊ असताना पुढे-मागे लाल "एल" लावा, आणि मागे बसवायचंच झालं तर लायसन असलेला शिकवणाराच बसवा. मैत्रिणीला टेकडीवर न्यायला थोडं थांबा.

टेस्टला पाय न टेकता आठचा आकडा काढायचा असतो. तो जमतो. लोक परत जातात ते दुसऱ्याच कारणाने: मित्राची गाडी मागून आणलेली असते आणि तिची पीयूसी, म्हणजे धुराच्या तपासणीचं प्रमाणपत्र, संपलेली असते. टेस्टला नेणार त्या गाडीचे कागद आदल्या दिवशी बघा.

अठराच्या आतल्या भावाला "जरा कोपऱ्यापर्यंत" चावी देऊ नका. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा वेळी पालक किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते ती वेगळीच.

२. टोकन देण्याआधी गाडीची कुंडली काढा

गाडीचा नंबर सरकारच्या एमपरिवहन अॅपवर किंवा वाहन पोर्टलवर टाका. फुकट आहे, दोन मिनिटं लागतात. एवढं बघा:

- मालकाचं नाव. मधली अक्षरं फुल्या मारून येतात, पण समोरचा माणूस तोच आहे का हे कळतं.
- मालक कितवा. "सिंगल ओनर" हे ओएलएक्सवर सगळेच लिहितात.
- नोंदणी कधीपर्यंत. खासगी दुचाकीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे फेरनोंदणी आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर लागतो. तेरा-चौदा वर्षांची गाडी स्वस्त का मिळते, ते इथे कळतं.
- विमा आणि पीयूसीच्या तारखा.
- फायनान्सरचं नाव. ही ओळ रिकामी नसेल तर पायरी ४ नीट वाचा.
- काळ्या यादीचा शेरा.

मग पार्किंगमध्ये टॉर्च घेऊन उकिडवे बसा. चासी नंबर बहुतेक मोटारसायकलींवर हँडलच्या खाली, नेकवर ठोकलेला असतो. इंजिन नंबर इंजिनच्या बुडाजवळ, चिखलाखाली. दोन्ही आरसीशी, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राशी, अक्षर न अक्षर जुळवा. घासल्याच्या खुणा दिसल्या किंवा एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा वेगळ्या वळणाचा वाटला तर "घरी विचारून सांगतो" म्हणा आणि निघा. इंजिन बदललेलं असेल तर तशी नोंद आरसीवर हवी, "गॅरेजवाल्याचं बिल आहे ना" हे पुरत नाही.

चलनं महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलनाच्या साइटवर दिसतात. माझ्या गाडीवर तीन निघाली, तिन्ही हेल्मेटची. विकणाऱ्या मुलाने खाली मान घालून माझ्यासमोर भरली. चलन गाडीच्या नंबरवर असतं, त्यामुळे आज विचारलं नाही तर उद्या तुम्हीच भरता.

इथे एक वेगळा सापळा आहे. "तुमच्या वाहनाचे चलन प्रलंबित" असा व्हॉट्सअॅप येतो आणि सोबत "एपीके" नावाची फाइल असते. ती उघडली की फोन दुसऱ्याच्या ताब्यात. सरकारी चलन फाइल पाठवून कधीच येत नाही.

३. आरसीला कुठला मोबाइल नंबर जोडलाय?

माझे अडीच महिने इथे गेले.

वाहन पोर्टलवरच्या जवळजवळ प्रत्येक कामाला ओटीपी लागतो, आणि तो जातो नोंदणीच्या वेळी दिलेल्या मोबाइलवर. आता २०१७ साली शोरूममध्ये फॉर्म भरणाऱ्याने काय केलं असेल? घाईत स्वतःचाच नंबर टाकला. हा काही एखाद्याचाच किस्सा नाही. आरटीओबाहेर चहा पीत उभे राहा, दहा मिनिटांत दुसरा भेटतो.

विकणाऱ्या मुलाला याचा पत्ताच नव्हता, कारण आठ वर्षांत त्याला कधी ओटीपी लागलाच नव्हता. पोर्टलने शेवटचे चार आकडे दाखवले, ते त्याच्या कुठल्याच नंबराशी जुळेनात. जुन्या बिलावर सेल्समनचा नंबर सापडला, तो जुळला. फोन लावला, तर उचलणारे जळगावकडचे एक काका. सेल्समनने नंबर सोडला होता आणि कंपनीने तो काकांना दिला होता. काका शांतपणे म्हणाले, "दादा, तुम्ही या महिन्यातले चौथे. मला गाडीच नाही हो."

तुम्ही असं करा. टोकन द्यायच्या आधी विकणाऱ्यासमोर बसून वाहन पोर्टल उघडा, गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे पाच आकडे टाका, आणि ओटीपी त्याच्या हातातल्या फोनवर वाजतो का ते ऐका. वाजला तर निम्मं काम झालं. नाही वाजला तर आधी नंबर बदलून घ्यायचा, व्यवहार नंतर. आधार पडताळणी करून तो पोर्टलवरच बदलता येतो, अट एवढीच की आरसीवरचं आणि आधारवरचं नाव जुळायला हवं. आपल्याकडे तिथेच घोळ. आरसीवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. एकीकडे वडिलांचं पूर्ण नाव, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. जुळलं नाही की मूळ मालकाला आरसी आणि ओळखपत्र घेऊन आरटीओत अर्ज द्यावा लागतो. आमचा मूळ मालक तोवर नोकरीसाठी हैदराबादला गेला होता. मुलगा चांगला, फोन उचलायचा, पण सुट्टी काढून संगम पुलाजवळच्या पुणे आरटीओत यायला त्याला दिवाळी उजाडली. मी त्या संध्याकाळी सगळे पैसे यूपीआयने पाठवून मोकळा झालो होतो, त्यामुळे त्याला घाई कसली असणार?

म्हणून: ठरलेल्या रकमेतले दहा-पंधरा टक्के हातात ठेवा. "गाडी नावावर झाली की देतो" असं तोंडावर सांगा आणि कागदावर लिहा. यात अपमान वाटून घ्यायचं कुणालाच कारण नाही.

४. बोजा उतरलाय का?

कर्जावर घेतलेल्या गाडीच्या आरसीवर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव चढतं, तो बोजा. शेवटचा हप्ता फिटला म्हणजे बोजा आपोआप उतरतो, असं निम्म्या महाराष्ट्राला वाटतं. तो उतरवावा लागतो. लागतं ते असं: फायनान्सरचं कर्ज फिटल्याचं पत्र, म्हणजे एनओसी, आणि त्यांच्या सही-शिक्क्याचा नमुना ३५, दोन प्रतींत. मग वाहन पोर्टलवर अर्ज.

एनओसीवर बहुतेक वेळा मुदत छापलेली असते. मुलाने कर्ज २०२० मध्येच फेडलं होतं, एनओसी कपाटात जपून ठेवली होती, प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये अगदी, आणि तिची मुदत कधीच गेली होती. ताजी काढायला पुन्हा फायनान्सरच्या शाखेत जावं लागलं. हे काम विकणाऱ्याचं आहे, त्याच्याकडूनच करून घ्या. विम्याच्या पॉलिसीवरही फायनान्सरचं नाव असतं. तिथूनही काढलं नाही, तर गाडी चोरीला गेल्यावर भरपाईचे पैसे कोणाचे यावर गंमत होते.

५. नंबरप्लेट

१ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी कंपनीकडूनच येते. त्याआधीच्या गाड्यांना ती बसवून घ्यावी लागते, आणि ती नसेल तर नाव बदल, बोजा, पत्ता ही कामं आरटीओत अडतात. महाराष्ट्रात दुचाकीचा दर ४५० रुपये अधिक जीएसटी. राज्याचे तीन विभाग पाडून तीन कंपन्यांना काम दिलंय, तुमच्या पासिंगप्रमाणे कंपनी ठरते. परिवहन विभागाच्या सरकारी साइटवरून आत शिरा. गूगलवर शोधलं की हुबेहूब दिसणाऱ्या बनावट साइट वर येतात, पैसे कापले जातात आणि प्लेट कधीच येत नाही.

चौकातला रेडियमवाला "सेम टू सेम बनवतो" म्हणेल. खऱ्या पाटीवर डावीकडे अशोकचक्राचा होलोग्राम आणि खाली लेसरने कोरलेला क्रमांक असतो, आणि तो तुमच्या गाडीच्या नोंदीला जोडलेला असतो. तसंच, बसवताना स्नॅप लॉकने, म्हणजे एकदा बसला की परत न उघडणाऱ्या खटक्याने, बसवली की नाही ते बघा. साध्या नटबोल्टवर बसवून पाठवलेल्या मी पाहिल्यात.

६. सह्यांची संध्याकाळ

आता खरे फॉर्म. बाजारात यांना "टीटी फॉर्म" म्हणतात. नमुना २९ म्हणजे गाडी दिल्याची सूचना, दोन प्रती. नमुना ३० म्हणजे नावावर करण्याचा अर्ज. दोन्हींवर विकणाऱ्याच्या आणि तुमच्या सह्या. विकणाऱ्याची सही आरसीसाठी केलेल्या सहीशी जुळायला हवी. आठ वर्षांत माणसाची सही बदलते, म्हणून आधी जुना कागद समोर ठेवून दोनदा गिरवून घ्या.

जवळ ठेवायची कागदपत्रं:

- मूळ आरसी
- नमुना २९ (दोन प्रती) आणि नमुना ३०, चासीचा ठसा चिकटवून
- चालू विमा आणि चालू पीयूसी
- दोघांची आधार आणि पॅनची प्रत, स्वतःच्या सहीने
- तुमच्या पत्त्याचा पुरावा
- दोघांचे पासपोर्ट आकाराचे फोटो
- बोजा असल्यास एनओसी आणि नमुना ३५
- ताबा पावती

चासीचा ठसा हा प्रकार मला माहीतच नव्हता. फोटो चालेल म्हणून निवांत गेलो आणि खिडकीवरून परत आलो. पद्धत अशी: हँडल पूर्ण एका बाजूला वळवा, नेकवरचा चिखल-ग्रीस पेट्रोलच्या फडक्याने पुसा, सुकू द्या. नंबरावर पातळ कागदाची पट्टी धरा आणि शिसपेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासा. लहानपणी वहीच्या पानाखाली नाणं ठेवून करायचो तसंच. जोर लावला की कागद फाटतो. माझी चौथी पट्टी नीट उमटली, तीही मोबाइल दातांत धरून उजेड पाडल्यावर. आरटीओबाहेर हेच काम करून देणारी पोरं बसतात, त्यांना तीस सेकंद लागतात.

ताबा पावतीला वकील लागत नाही. साध्या कागदावर गाडीचा नंबर, चासी, इंजिन, रक्कम, किती दिली किती बाकी, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, तारीख आणि वेळ. वेळ विसरू नका. गाडी सात वाजून वीस मिनिटांनी दिली आणि कॅमेऱ्याने सिग्नल तोडताना सात दहाला टिपली, तर भांडण लगेच मिटतं.

कोरे टीटी फॉर्म सह्या करून देण्याची पद्धत सगळीकडे आहे. "तुम्ही नंतर निवांत करा नावावर." विकणाऱ्याने तर हे मुळीच करू नये. गाडी विकून झाली असली तरी नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. त्या प्रकरणात गाडी एकापाठोपाठ एक चौघांना विकली गेली होती आणि नोंद पहिल्याच्याच नावावर राहिली होती.

गाडी डीलरकडून घेत असाल तर १ एप्रिल २०२३ पासून वेगळा नियम आहे. जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं आणि गाडी ताब्यात आल्याचं पोर्टलवर कळवायचं. अधिकारपत्र दाखवा म्हटल्यावर समोरचा चहा मागवू लागला तर काय ते समजा.

७. अर्ज आणि मुदत

कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. अर्ज वाहन पोर्टलवर. मोटारसायकल नावावर करायचं शुल्क १५० रुपये, आरसीच्या स्मार्ट कार्डाचे २००. केंद्र सरकारने २०२१ मध्ये आधार पडताळणीवर ज्या १८ सेवा घरबसल्या दिल्या, त्यात नावबदलही आहे. दोघांची नावं सगळीकडे जुळत असतील तर खिडकीवर जायची वेळ येणार नाही. माझ्यावर आली.

पत्त्याचं आधी ठरवा. भाड्याने राहणारे आधारवर गावचा पत्ता ठेवतात आणि मग स्मार्ट कार्ड स्पीड पोस्टाने गावी जातं. चालत असेल तर ठीक. नसेल तर आधी आधारवर पत्ता बदला, मग अर्ज करा.

एजंटाकडे जावं का? वेळ नसेल तर जा, त्यात कमीपणा नाही. पण सरकारी शुल्काची पावती आणि अर्ज क्रमांक स्वतःकडे घ्या आणि फॉर्ममध्ये मोबाइल नंबर तुमचाच टाकलाय हे डोळ्यांनी बघा. नाहीतर आठ वर्षांनी कोणीतरी दुसऱ्या काकांना फोन करत बसेल.

८. विमा आपसूक नावावर होत नाही

आरसी झाली की लोक हुश्श करतात. विमा जुन्याच नावावर राहतो. गाडी दिल्याच्या तारखेपासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर नाव बदलून घ्यायचं असतं. तृतीय पक्षाचं, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचं, संरक्षण गाडीबरोबर येतं. पण तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान झालं किंवा ती चोरीला गेली, तर नाव न बदललेल्या पॉलिसीवर दावा अडतो. मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षण तर सरळ जुन्या मालकाच्या नावाचं असतं.

नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, हा माणसाचा असतो, गाडीचा नसतो. २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत वाढत जाणारी ही सूट विकणारा स्वतःच्या पुढच्या गाडीसाठी तीन वर्षं राखून ठेवू शकतो. त्यामुळे "जुन्याच नावाने ऑनलाइन रिन्यू करून टाक, स्वस्त पडतं" हा सल्ला मिळेल तिथून उठा. वाचतात चार-पाचशे रुपये.

अगदी कमीत कमी म्हणजे नुसता तृतीय पक्ष विमा. ७५ ते १५० सीसीला त्याचा दर जून २०२२ मध्ये ७१४ रुपये ठरला, वर जीएसटी. विम्याशिवाय सापडलात तर पहिल्या वेळचा दंड २,००० रुपये आणि अपघात झाला तर भरपाई तुमच्या घरातून. इथे हिशोब करण्यासारखं काही नाही.

९. पीयूसी

नव्या गाडीला पहिलं वर्ष लागत नाही. पुढे बीएस-४ आणि बीएस-६ (धुराच्या सरकारी मानकांच्या अलीकडच्या पायऱ्या) गाड्यांना दरवर्षी, त्याआधीच्यांना दर सहा महिन्यांनी. पेट्रोल पंपावरच्या व्हॅनमध्ये पाच मिनिटांत होते. नळी सायलेन्सरमध्ये न घालता, नुसता फोटो काढून प्रमाणपत्र देणारेही भेटतात. गाडी काळा धूर सोडत असताना ते प्रमाणपत्र दाखवून बघा काय होतं.

१०. फोनमधले कागद

डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली आरसी आणि लायसन कायद्याने चालतात. गॅलरीतला फोटो चालत नाही, झेरॉक्सही नाही. डिजिलॉकर आधारवरचं नाव ताडून बघतं, त्यामुळे पायरी ३ मधला नावाचा घोळ इथे पुन्हा भेटतो. घाटात रेंज जाते. कागद एकदा अॅपमध्ये आणून ठेवा, पोलिसांसमोर उभं राहून लॉगिन करायची वेळ आणू नका.

दोन वेगळ्या वाटा

*वडिलांच्या नावावरची गाडी.* वडील गेले, गाडी दारात आहे, मुलगा चालवतोय, दोन-तीन वर्षं झाली. घरोघरी हे दिसतं आणि याविषयी बोलायला जीव धजत नाही. नियम असा आहे की मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवलं तर तीन महिने गाडी वापरता येते आणि त्या मुदतीत नमुना ३१ भरून ती वारसाच्या नावावर करायची. मृत्यू दाखला, वारसांची ओळखपत्रं आणि बाकीच्यांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र लागतं. विम्यालाही वेगळं कळवायचं. उशीर झाला असेल तरी करा. आई आणि बहीण एका गावात असताना सह्या घेणं सोपं असतं.

*परराज्यातली गाडी.* मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे नमुना २८, आणि गाडी चोरीची नसल्याचा पोलिस नोंदींचा अहवाल आधी हातात घ्या. महाराष्ट्राचा कर पुन्हा भरावा लागतो आणि बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर नंबर बदलून घ्यावा लागतो. सिंधुदुर्गातल्या मंडळींसाठी खास: गोव्यातली स्वस्त गाडी काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची असेल तर ती भाड्याची आहे. ती खासगी करून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि तिने किती पर्यटक पाहिलेत याचा अंदाज मीटरवरून बांधू नका.

माझं स्मार्ट कार्ड एका मंगळवारी आलं. पोस्टमन काकांनी सही घेतली, मी पाकीट जिन्यातच फाडलं. नंबर बरोबर, चासी बरोबर, बोजाची ओळ रिकामी. वडिलांच्या नावात "दत्तात्रय"चं "दत्तात्र्य" झालंय. खिडकीवर विचारलं, तर मूळ अर्जाची प्रिंट मागितली. ती माझ्याकडे होती, आणि अर्जात ती चूक मीच केली होती.